चांद्याची नायकी आणि मध्य-द्राविडी शाखेचा प्रश्न

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. या जिल्ह्याचे जुने नाव चांदा. प्रशासनाने हे नाव सोडले, भाषाशास्त्राने मात्र ते जपून ठेवले आहे. कारण या भूमीतील एका भाषेची ओळखच तिच्या स्थलनामाने दिली जाते. ती भाषा म्हणजे 'चांद्याची नायकी'. ती कोलामीची बोली की स्वतंत्र भाषा, कोलामीसह ती ज्या लहान गटात मोडते तो गट द्राविडी कुलाची स्वतंत्र शाखा की एखाद्या मोठ्या शाखेचा अंश, आणि तो स्वतंत्र असल्यास कुलवृक्षावर कोठे जोडावा, हे तीन प्रश्न गेली शंभर-सव्वाशे वर्षे एकमेकांत गुंतलेले आहेत. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हे प्रश्न पृथक करणे आणि प्रत्येकाचा पुरावा कोणत्या प्रतीचा आहे ते ठरवणे हा आहे.

प्रथम क्षेत्र. या दोन जिल्ह्यांत आर्यभाषांपैकी मराठीखेरीज छत्तीसगढी व हलबी बोलल्या जातात. द्राविडी भाषांपैकी दक्षिणेस, विशेषतः सिरोंचा व राजुरा भागात, तेलुगू आहे. सर्वत्र विखुरलेली गोंडी आहे. भामरागड-एटापल्लीकडे तिचे माडिया रूप आहे. जिवती, कोरपना, राजुरा या तालुक्यांतील डोंगराळ गावांत कोलामी आहे आणि तिच्या आसपास नायकी. कोलामीचे क्षेत्र यवतमाळ व वर्धा जिल्ह्यांत, नांदेडच्या किनवटात आणि तेलंगणाच्या आदिलाबादेत पसरलेले आहे. या गटाच्या उर्वरित भाषा येथून पूर्वेस आहेत: पारजी बस्तरात, ओल्लारी व कोंडेकोर गदबा ओडिशा-आंध्रच्या सीमेवर. मधली भूमी गोंडी आणि हलबीने व्यापलेली असल्यामुळे हे दोन तुकडे आज एकमेकांस स्पर्श करीत नाहीत. ही भौगोलिक विच्छिन्नता पुढील युक्तिवादात महत्त्वाची ठरते.

आता संज्ञा. 'भाषा' आणि 'बोली' हा भेद तीन निरनिराळ्या कसोट्यांवर केला जातो आणि त्या कसोट्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. पहिली कसोटी नामाची: बोलणारा समाज स्वतःस व स्वतःच्या वाणीस काय म्हणतो आणि शेजारी काय म्हणतात. दुसरी परस्परबोधाची: पूर्वपरिचय नसता एकास दुसऱ्याचे बोलणे कितपत कळते. तिसरी वंशाची: दोन वाणींचा निकटतम समान पूर्वज कोणता. पहिली कसोटी समाजशास्त्राची, दुसरी वर्तमान व्यवहाराची आणि तिसरी इतिहासाची. नायकीविषयीच्या मतभेदांचा मोठा भाग एका कसोटीचे उत्तर दुसरीच्या जागी लिहिल्यामुळे उत्पन्न झाला आहे.

वंशाच्या कसोटीत आणखी एक भेद अनिवार्य आहे. दोन भाषांतील साम्य तीन मार्गांनी संभवते: जतन, उसनवारी आणि नवविकार. मूळ भाषेतील रूप दोघींनी टिकवले असेल, तर ते समान जतन. एकीने दुसरीकडून किंवा दोघींनी तिसरीकडून घेतले असेल, तर ती उसनवारी. मूळ भाषेत नसलेला बदल दोघींच्या समान पूर्वजात एकदाच घडला असेल, तर तो समान नवविकार. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट लेस्कीन यांनी १८७६ मध्ये जे तत्त्व मांडले, ते असे की, शाखा सिद्ध होते ती केवळ समान नवविकाराने. जतन कितीही असले तरी शाखा सिद्ध होत नाही. चार भावंडांपैकी दोघांनी आजोबांचे घर सोडले नाही, एवढ्यावरून ते दोघे परस्परांस इतर दोघांहून अधिक जवळचे ठरत नाहीत.

नामाच्या कसोटीचा निकाल लवकर लागतो, कारण ती या क्षेत्रात जवळजवळ निरुपयोगी आहे. कोलाम स्वतःस कोलावार म्हणवतात. आदिलाबादेतील तेलुगूभाषक त्यांना मन्नेरवारलू म्हणतात आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या सूचीत कोलाम व मन्नेरवारलू ही नावे एकाच नोंदीत आहेत. गोंडांच्या काही देवस्थानांचे पौरोहित्य कोलामांकडे असल्यामुळे आदिलाबादचे गोंड त्यांना पुजारी या नावानेही ओळखतात, असे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे. 'नायक' हे पद तर इतक्या समाजांनी धारण केले आहे की, गुजरात-कोकणातील नायकडा आणि तेलंगणा-चांद्याकडील नायकपोड यांचा भाषिक संबंध नावावरून जोडणे सर्वथा अयोग्य ठरेल. पूर्वेकडे हीच स्थिती अधिक तीव्र आहे. 'गदबा' या एका नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न भाषा येतात: एक मुंडा कुलातील गुतोब, दुसरी द्राविडी कुलातील ओल्लारी-कोंडेकोर. समाज एक, नाव एक, भाषाकुले दोन.

वाङ्मयातही नाव दिशाभूल करते. द्राविडी अभ्यासात एकमेकांलगत दोन नावे येतात आणि त्यांचा घोटाळा वारंवार होतो. बरो आणि एमिनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) एकीला नुसते एक संक्षिप्त चिन्ह आहे आणि दुसरीच्या चिन्हापुढे 'चांदा' हा निर्देश आहे. प्रस्तुत लेखात पहिलीस नायकडी व दुसरीस नायकी म्हटले आहे. या दोन वाणी समान नाहीत. सर्व पुढील विवेचन या विधानावर उभे आहे.

अभ्यासाचा इतिहास प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्यापुरताच सांगणे पुरेसे होईल. कॉल्डवेल यांच्या द्राविडी भाषांच्या १८५६ च्या तौलनिक व्याकरणात गोंडीस स्थान आहे, कोलामीस नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयी जमवलेली सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित केली. तीत गोंडीच्या विविध रूपांबरोबर कोलामी आणि 'नायकुडे' यांचे शब्दही आहेत. पुढील टप्पा भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा. त्याच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनोव्ह यांनी कोलामी, नायकी आणि पुसद तालुक्यातील तथाकथित 'भिली' या तिन्हींचे साहचर्य ओळखले. नावाने भिली असलेली वाणी वस्तुतः द्राविडी आहे, हे त्यांनी दाखवले. कोलामी गोंडीहून बरीच वेगळी आहे, काही बाबतींत ती तेलुगूशी तर काही बाबतींत कन्नडशी जुळते, असेही त्यांनी नोंदले. निरीक्षण अचूक होते. परंतु जुळणे म्हणजे जतन, उसनवारी की नवविकार, हा प्रश्न त्या काळी उपस्थितच झाला नव्हता. म्हणून कोलामीचे स्थान अधांतरी राहिले.

स्वातंत्र्योत्तर पहिले स्वतंत्र कोलामी व्याकरण मराठी वाचकांस अन्य कारणाने सुपरिचित असलेल्या अभ्यासकाचे आहे. शिवकालाचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना आदिलाबादकडील कोलामीचे व्याकरण लिहिले. ते १९५० मध्ये हैदराबादेत प्रसिद्ध झाले. द्राविडी कोशात कोलामी शब्दांपुढे त्यांच्या नावाची आद्याक्षरे आजही छापली जातात. मराठी इतिहासलेखनात त्यांच्या या कार्याचा उल्लेख क्वचितच येतो, ही उपेक्षा खेदजनक आहे. पाठोपाठ तीन ग्रंथ आले. १९५३ मध्ये टॉमस बरो आणि सुधीभूषण भट्टाचार्य यांचे पारजीचे वर्णन, १९५५ मध्ये मरे एमिनो यांचा वर्ध्याकडील कोलामीवरील ग्रंथ, १९५७ मध्ये भट्टाचार्यांची ओल्लारी. अखेरीस १९६१ मध्ये भट्टाचार्यांचाच 'चांद्याची नायकी' हा निबंध. आठ वर्षांत गटाच्या बहुतेक सर्व सदस्यांची व्याकरणे उपलब्ध झाली आणि दीडशे कोसांच्या अंतरावरील कोलामी व पारजी या एकमेकींच्या निकट आहेत, हे दिसून आले.

येथून प्रथम मूळ प्रश्न उभा राहतो: या गटाची शाखा म्हणून सिद्धी कशी होते?

भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी १९६१ च्या आपल्या तेलुगू धातुविषयक ग्रंथात तेलुगू ही तमिळ-कन्नडपेक्षा गोंडी, कोंडा, कुई यांच्या अधिक जवळ आहे, असे प्रतिपादन केले. त्या वेळी तेलुगू-कुई गट आणि कोलामी-पारजी गट ही एकाच 'मध्य-द्राविडी' शाखेची दोन अंगे मानली जात. १९७० च्या दशकात कृष्णमूर्तींनीच हा विभाग पुन्हा मांडला: तेलुगू-गोंडी-कुई गट तमिळ-कन्नड गटाचा सहोदर ठरवून तो दक्षिणेकडे सरकवला आणि 'मध्य-द्राविडी' हे नाव केवळ कोलामी, नायकडी, नायकी, पारजी, ओल्लारी व गदबा यांच्यासाठी शिल्लक राहिले. मोठ्या शाखेचा अंश असलेला गट अशा प्रकारे स्वतः शाखा झाला. तो वाढला नाही. त्याचे मोठे सोबती निघून गेले. वर्गीकरणात अशी स्थिती संशयास्पद असते, कारण उरलेल्यांचा गट हा अवशेषांचा ढीगही असू शकतो. म्हणून पुरावा दोन दिशांनी तपासावा लागतो: हा गट तेलुगू-गोंडी गटात नाही याचा, आणि हा गट आतून एक आहे याचा.

पहिली दिशा निषेधाची. तेलुगू-कुई गटाचा विख्यात नवविकार म्हणजे वर्णव्यत्यय: शब्दाच्या मध्यभागी असलेला र किंवा ल आरंभी येतो. तमिळ 'उरल्' (उखळ) याचे तेलुगू रूप 'रोलु'. तमिळ 'मरम्' (झाड), जुन्या तेलुगूत 'म्रानु', कुईत 'म्रह्नु'. पारजीत मात्र 'मेरि': स्वर बदलला आहे, र जागचा हललेला नाही. हा विकार मध्य गटाने केलेला नाही. म्हणून तो विकार ज्या पूर्वजात सुरू झाला, त्या पूर्वजाचा हा वंशज नाही.

गोंडीच्या सान्निध्यामुळे येथे एक भ्रम सहज होतो आणि तो एका शब्दावर नीट दिसतो. गोंडीत पाणी 'एर्', कोलामीत 'ईर्'. शेजारशेजारच्या गावांत ही दोन रूपे ऐकली की ती एकच वाटतात. तथापि गोंडी 'एर्' हे तेलुगू 'एरु' (नदी), तमिळ 'याऱु' (नदी) यांच्या मूळ शब्दाचे वंशज आहे. नदीचा वाचक शब्द गोंडी-कुई गटात पाण्याचा वाचक झाला. कोलामी 'ईर्' हे 'नीर्'चे वंशज. आरंभीचा न गळाला. पारजीत हाच शब्द 'नीर्' असा अखंड आहे. ध्वनीने निकट असलेली दोन रूपे मुळाने भिन्न निघाली. आणि ध्वनीने दूरचे 'नीर्' हे 'ईर्'चे सख्खे भावंड निघाले. शब्दसूची पाहून केवळ कानाने केलेल्या वर्गीकरणाचा धोका याहून स्पष्ट क्वचितच दाखवता येईल. गोंडीच्या बाजूचा बदल हा अर्थविकार आहे आणि त्यात कोलामी सहभागी नाही, हा निषेधाचा दुसरा पुरावा.

सर्वनामाची साक्ष याच दिशेने जाते, पण तिचे मोल काळजीपूर्वक ठरवावे लागते. 'मी' या अर्थी तमिळ 'नान्', कन्नड 'नानु', तेलुगू 'नेनु', गोंडी 'नन्ना' या रूपांत आरंभी न आहे; कोलामी, नायकी व पारजी यांत 'आन्' आहे. न हा दक्षिणेकडील नवविकार मानला जातो. कुईत 'आनु' असल्यामुळे चित्र पूर्ण स्वच्छ नाही, तरी सर्वसाधारण दिशा निश्चित आहे. येथे आरंभीचे तत्त्व लागू होते. 'आन्' हे जतन आहे. ते मध्य गट दक्षिणेबाहेर होता एवढेच सांगते. त्या रूपावरून कोलामी आणि पारजी परस्परांच्या निकट ठरत नाहीत. अनेक लेखांत ही पायरी नकळत ओलांडली जाते.

सर्वनामांवर वर्गीकरण उभारण्याची पद्धत अन्यत्र मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे, म्हणून तिच्या मर्यादेचा येथे उल्लेख उचित. न्यू गिनीच्या पापुआई भाषांत शेकडो भाषा आणि अनेक लहान कुले आहेत. लिखित इतिहास जवळजवळ नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९७१ मध्ये त्या सर्वांना अंदमानी आणि टास्मानियाच्या भाषांसह एका महाकुलात कोंबले. ते मत टिकले नाही. स्टीफन वुर्म यांनी १९७५ मध्ये बेटाचा बराच भाग व्यापणारे 'ट्रान्स-न्यू गिनी' कुल मांडले आणि माल्कम रॉस यांनी २००५ मध्ये मुख्यतः सर्वनामांच्या संचांवरून ते नव्याने विभागले. प्रत्येक फेरीत काही लहान कुले एका शाखेतून दुसरीत गेली, काही बाहेर पडली. कारण तेथे नियमित ध्वनिविकारांची नोंद अपुरी आहे आणि सर्वनामे हाच पहिला उपलब्ध दुवा आहे. द्राविडी अभ्यास तुलनेने भाग्यवान आहे: तमिळचा जुना लिखित साक्षीदार हाती असल्यामुळे मूळ रूप कोणते आणि विकार कोणता हे बहुधा ठरवता येते. जेथे ते ठरवता येते, तेथे केवळ साम्य मोजणे ही अनावश्यक माघार होय.

सर्वनामांतच ही माघार किती महाग पडते ते पाहण्यासारखे आहे. 'तू' या अर्थी कोलामीत 'नीव्', पारजीत 'ईन्'. म्हणजे पाण्याच्या शब्दात कोलामीने न गमावला व पारजीने राखला. 'तू' मध्ये नेमके उलट. आरंभीच्या 'न'चा लोप हा या गटात नियमबद्ध नवविकार नाही, आणि म्हणून अंतर्गत विभागणीसाठी तो वापरता येत नाही. शिवाय 'नीव्' हे तेलुगू 'नीवु'शी जुळते. सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत. परंतु 'सहसा' हा शब्द सिद्धतेत पुरेसा नाही.

आता दुसरी दिशा, विधानाची: हा गट आतून एक आहे का? येथे प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत बलवान पुरावा संख्यावाचकांत आहे, आणि तो थोडा विस्ताराने पाहणे योग्य.

द्राविडी भाषांत दोनपासून चारपर्यंतच्या संख्या मोजल्या जाणाऱ्या वस्तूप्रमाणे रूप बदलतात. तेलुगूत 'मुग्गुरु' म्हणजे तीन माणसे, पुरुष असोत वा स्त्रिया. 'मूडु' म्हणजे तीन वस्तू वा पशू. भेद मनुष्य आणि मनुष्येतर असा. गोंडीत 'मूवुर्' म्हणजे तीन पुरुष. 'मूंद्' म्हणजे बाकीचे सर्व, स्त्रिया धरून. भेद पुरुष आणि पुरुषेतर असा. कोलामीत तीन रूपे आहेत: तीन पुरुष 'मुग्गुर्', तीन स्त्रिया 'मुयल्', तीन इतर 'मूंदिङ्'. पारजीतही तीन पुरुषांस 'मूविर्' आणि तीन स्त्रियांस 'मुयल्'. कोलामी व पारजी यांच्यात आज बस्तराचे अरण्य आणि गोंडीचे क्षेत्र आहे. तरी स्त्रियांसाठी राखलेले रूप दोहोंत एकच.

या तथ्यातून तीन निष्कर्ष क्रमाने निघतात. एक, ही उसनवारी नव्हे: मधली गोंडी आणि शेजारची तेलुगू या दोहोंतही असे रूप नाही, म्हणून देणारी भाषाच उपलब्ध नाही. दोन, हे जतन नव्हे. 'मुयल्' मधील अन्त्य प्रत्यय तमिळ 'अवळ्' व कन्नड 'अवळु' (ती) यांतील स्त्रीवाचक प्रत्ययाशी संबद्ध आहे, आणि म्हणून प्रत्यय जुना आहे. परंतु त्या प्रत्ययाने संख्येचे स्वतंत्र स्त्रीरूप घडवणे तमिळ-कन्नडात नाही, तेथे 'मूवर्' माणसांस सरसकट लागते. सामग्री जुनी, रचना नवी. तीन, रचना नवी आणि दोन विच्छिन्न क्षेत्रांत एकच, तेव्हा ती एकदाच आणि समान पूर्वजात घडली. हा समान नवविकार, आणि म्हणून शाखा सिद्ध.

हे अधिक लक्षणीय ठरते ते कोलामीच्या उर्वरित व्याकरणामुळे. तेथे 'अम्द्' म्हणजे तो आणि 'अद्' म्हणजे ती किंवा ते. अनेकवचनी 'अव्र्' म्हणजे ते पुरुष, 'अदव्' म्हणजे बाकीचे. सर्वनाम व क्रियापद स्त्रीला वस्तूंच्या पंक्तीत बसवतात. संख्या मात्र तिला वेगळे मोजते. एका भाषेत दोन लिंगव्यवस्था शेजारी नांदतात, आणि त्यांतील दुसरी दोन ते चार एवढ्या संख्यांपुरती आहे. इतक्या संकुचित क्षेत्रातील असाधारण रचना दोन भाषांत स्वतंत्रपणे उद्भवली असे मानणे कठीण.

एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कोलामी 'मुग्गुर्' हे तेलुगू 'मुग्गुरु'शी अतिशय मिळते. पारजीचे 'मूविर्' मात्र तसे नाही. शिवाय कोलामीत पाचापासून पुढच्या संख्या तेलुगूतूनच आलेल्या आहेत. तेव्हा 'मुग्गुर्' उसने असण्याचा संभव दाट आहे. मान्य केल्यास युक्तिवाद दुर्बल होत नाही, बळकटच होतो. तेलुगूत हा शब्द स्त्री-पुरुष दोहोंस लागतो. कोलामीत शिरताच त्याचा अर्थ पुरुषांपुरता आक्रसला. असे घडण्यास स्त्रियांची जागा 'मुयल्'ने आधीच व्यापलेली असणे आवश्यक होते. म्हणजे स्त्रीरूप तेलुगू प्रभावापूर्वीचे आहे. उसना शब्दसुद्धा येथे जुन्या रचनेच्या बाजूने साक्ष देतो.

शाखा सिद्ध झाली. आता ती कोठे जोडावी हा दुसरा प्रश्न. याविषयी थोडक्यात एवढेच: कृष्णमूर्तींच्या २००३ च्या ग्रंथात ती दक्षिणेच्या दोन गटांपासून आणि कुरुख-माल्तो-ब्राहुई या उत्तर गटापासून पृथक ठेवली आहे. २०१८ मध्ये वीस द्राविडी वाणींच्या शब्दसंग्रहावर संख्याशास्त्रीय पद्धतीने केलेल्या अभ्यासाने कुलाचे वय सुमारे साडेचार हजार वर्षे काढले आणि परिचित गटांना पुष्टी दिली. परंतु मुख्य शाखांचा परस्परक्रम त्यातूनही निश्चित झाला नाही. या स्थितीत शाखेस स्वतंत्र ठेवून जोडणीचा निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रीय होय. चार फांद्या एका बिंदूतून निघाल्या असे दाखवणे म्हणजे तसे घडले असे म्हणणे नव्हे. क्रम अज्ञात आहे एवढेच त्या आकृतीचे विधान.

तिसरा प्रश्न अंतर्गत विभागाचा आणि तोच चांद्याशी साक्षात निगडित आहे. शाखेचे दोन भाग सर्वमान्य आहेत: पश्चिमेस कोलामी-नायकी, पूर्वेस पारजी-गदबा. पारजीचे वेगळेपण एका स्वरविकाराने दिसते: दंतमूलीय व्यंजनापूर्वी मूळ 'अ'चा 'ए' होतो. वर उद्धृत 'मेरि' हे त्याचेच उदाहरण. 'काल्' (पाय) याचे पारजी रूप 'केल्'. पश्चिम भागात हा विकार नाही. तेव्हा नायकी पश्चिमेची, यात विवाद नाही. विवाद पश्चिम भागाच्या आत आहे: कोलामी, नायकडी आणि नायकी या तीन नावांखाली भाषा किती?

नायकडीविषयी मत स्थिर झाले आहे. एमिनोंपासून ती कोलामीची बोली मानली जाते, आणि १९८६ मध्ये अण्णामलै विद्यापीठात तिच्यावर झालेला प्रबंधही तिला शीर्षकातच कोलामीची बोली म्हणतो. चांद्याच्या नायकीविषयी कृष्णमूर्ती आणि कमिल झ्वेलेबिल हे दोघेही भिन्न मताचे आहेत: ती कोलामीची भगिनी आहे, बोली नव्हे. उलट जागतिक भाषासूचींत कोलामीचेच वायव्य आणि आग्नेय असे दोन भाग करून नायकी हे नाव आग्नेय कोलामीच्या पोटात घातलेले आढळते. दोन्ही मांडण्या एकाच प्रश्नाची उत्तरे वाटतात. तशा त्या नाहीत. भाषासूची परस्परबोधाची कसोटी लावते आणि भाषाकुलाचा अभ्यासक वंशाची. शिवाय सूचीमध्ये नायकडी आणि नायकी यांचा नामसादृश्याने एकजीव झालेला आहे. नायकडीविषयी जे यथार्थ आहे ते नायकीवरही लादले जाते. हा दोष तर्काचा नसून लेबलाचा आहे, परंतु त्याचे परिणाम तर्कदोषाइतकेच गंभीर होतात.

तुलनेसाठी गोंडी घ्यावी. तिच्या बोलींत मूळ आद्य 'स' चा 'ह' होतो आणि पुढे तो लोपतो: मिठाचा शब्द कोठे 'सोवर', कोठे 'होवर', कोठे 'ओवर'. कृष्णमूर्तींनी १९९८ मध्ये या विकाराचा प्रसार शब्दागणिक तपासून दाखवले की, उत्तर-पश्चिमेकडून दक्षिण-पूर्वेकडे जाताना हा बदल हळूहळू वाढत जातो. एकही रेषा अशी नाही जिच्या अलीकडे एक भाषा व पलीकडे दुसरी. भामरागडचा माडिया आणि उत्तरेकडचा गोंड परस्परांस सहज समजून घेतीलच असे नाही, पण मधल्या गावांची साखळी तुटलेली नाही. गोंडीत म्हणून 'भाषा किती' या प्रश्नाचे उत्तर संख्येत देणे अयुक्त आहे. नायकीची स्थिती विपरीत आहे. तिच्या आणि कोलामीच्या मध्ये क्रमशः बदलत जाणाऱ्या गावांची साखळी उरलेली नाही; सभोवती मराठी, तेलुगू आणि गोंडी आहेत. अशा विलग वाणीविषयी वंशाचा प्रश्न विचारणे योग्य आणि उत्तर देणे तत्त्वतः शक्य आहे.

अडचण तत्त्वात नाही, सामग्रीत आहे. भगिनीपक्ष मुख्यतः १९६१ च्या त्या एका निबंधावर आधारलेला आहे. बी. सुवर्चला यांच्या १९९२ च्या मध्य-द्राविडी तौलनिक रूपविचारासारखे ग्रंथ उपलब्ध रूपांची तुलना समर्थपणे करतात, परंतु तुलना नवी सामग्री निर्माण करू शकत नाही. नायकीची कोलामीशी भिन्नता जेवढी दिसते, ती तीन कारणांनी असू शकते: नायकीने जुने जपले, नायकीने मराठीकडून घेतले, किंवा कोलामीने नायकीस वगळून काही नवे केले. यांपैकी केवळ तिसरे कारण नायकीस भगिनी ठरवते. म्हणून निर्णायक प्रश्न नायकीविषयीचा नसून कोलामीविषयीचा आहे: वर्धा, आदिलाबाद, किनवट आणि नायकडी या सर्व कोलामी रूपांत समान असलेला, आणि नायकीत नसलेला, एक तरी नवविकार आहे का? असल्यास ती भगिनी. नसल्यास तिला स्वतंत्र भाषा म्हणणे हे परस्परबोधाचे किंवा नामाचे विधान राहील, वंशाचे नव्हे. हा प्रश्न या रूपात विचारला गेला पाहिजे.

वर्गीकरणाचा हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता नाही, हे जनगणनेवरून दिसते. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषक २९,८४,४५३, कोलामीभाषक १,२८,४५१ आणि पारजीभाषक ५२,३४९ आहेत. दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या द्राविडी भाषांच्या सूचीत सतरा नावे आहेत. नायकी त्यांत नाही. गदबाही त्यांत नाही, कारण ते नाव ऑस्ट्रो-आशियाई कुलाखाली, म्हणजे मुंडा भाषांसोबत, घातले आहे. म्हणजे ओल्लारी-कोंडेकोर बोलणारा जो द्राविडीभाषक स्वतःस गदबा म्हणवतो, तो राष्ट्राच्या गणतीत मुंडाभाषकांच्या पंक्तीत बसतो. माडिया गोंडीत मिळवली जाते, कोया मात्र गोंडीबाहेर स्वतंत्र मोजली जाते. भाषाशास्त्रात दोहोंचे स्थान गोंडीच्याच पटावर आहे. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिम गट म्हणून मान्य झालेल्या तीन समाजांत कातकरींबरोबर कोलाम आणि माडिया गोंड आहेत. नायकीभाषकांस भाषेच्या नावाने असे कोणतेच स्थान नाही. गणतीत नाव नाही, म्हणून प्राथमिक पुस्तिका नाही. पुस्तिका नाही, म्हणून नोंद नाही. आणि नोंद नाही, म्हणून वर्गीकरणास नवा पुरावा नाही.

या चक्रातून बाहेर पडण्यास कोणती सामग्री आणि कोणत्या क्रमाने हवी, हे वरील विवेचनावरून ठरते. प्रथम दोन ते चार या संख्यांची पुरुष, स्त्री व इतर अशी तिन्ही रूपे, नायकीच्या उपलब्ध प्रत्येक वस्तीतून. कारण शाखेचा मुख्य नवविकार तेथे आहे आणि बाजारव्यवहारात मराठी संख्या सर्वांत आधी शिरतात. त्यानंतर क्रियापदांचे पूर्ण रूपपट, विशेषतः निषेधार्थी व भूतकालीन, कारण रूपरचना उसनी घेणे सर्वांत दुर्घट. त्यानंतर कोलामी व नायकी भाषकांमध्ये ध्वनिमुद्रित कथनाच्या आधारे परस्परबोधाची चाचणी, आणि ती स्वतंत्र स्तंभात, वंशनिर्णयात न मिसळता. शब्दसूची सर्वांत शेवटी. सर्वेक्षणांत नेमका याच्या उलट क्रम पाळला जातो: शंभर-दोनशे शब्द प्रथम घेतले जातात, त्यांच्या साम्याची टक्केवारी काढली जाते आणि तेथेच काम थांबते. चंद्रपुरात ही टक्केवारी विशेष निरर्थक आहे, कारण कोलामी आणि नायकी या दोहोंनी मराठी व तेलुगूकडून तेच ते शब्द घेतले असण्याचा पूर्ण संभव आहे, आणि तशा साम्याची मोजदाद झाली तर शेजारधर्म हा वंशसंबंध म्हणून नोंदला जाईल. जिवती व राजुरा तालुक्यांच्या नकाशावर गावनिहाय अशी नोंद होईपर्यंत नायकीस कोलामीच्या पोटात न घालता 'कोलामी-नायकी उपशाखा: कोलामी (नायकडीसह) व नायकी' असे लिहिणे युक्त आहे, आणि जनगणनेच्या मातृभाषा-स्तंभात नायकी हे उत्तर आल्यास ते त्याच नावाने, कितीही अल्प संख्येचे असले तरी, छापणेही युक्त आहे.